चार कुलपांची पेटी

नवी मुंबईतल्या खांदेश्वर स्टेशनातून खांदा कॉलनीकडे वळलं की सिडको या नगरनियोजन महामंडळाच्या आखणीतल्या इमारती सुरू होतात. त्यातल्या कुठल्याही सोसायटीची वार्षिक सभा घ्या. चेकवर एकट्याची सही चालत नाही, तरी खजिनदाराला हिशोब विचारायला एखादा सभासद उठतोच.

असाच संशय जर्मनीतल्या लाइस्निग गावाने १५२३ मध्ये धर्मकार्यात आणला. चर्चची जुनी उत्पन्नं एका सामाईक पेटीत टाकायची आणि त्यातून अनाथ, म्हातारेकोतारे, अडलेले कारागीर आणि शाळा यांचा खर्च भागवायचा, असं ठरलं. पेटीला चार कुलपं. किल्ल्या उमराव, नगरसभा, गावकरी आणि शेतकरी यांच्याकडे वाटलेल्या. या नियमावलीला प्रस्तावना लिहिली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने. भिकाऱ्याच्या हातावर नाणं ठेवून पुण्य गाठीला बांधण्यापेक्षा गरिबीची जबाबदारी गावाने घ्यावी, हा त्याचा आग्रह होता. नगरसभेने मात्र पैशावरचा ताबा सोडायला कुरकुर केली. इथवर गोष्ट आपल्याला अगदी ओळखीची वाटते.

ल्यूथरच्या मते देव जगाचा कारभार दोन तऱ्हांनी, जणू दोन राज्यांतून, चालवतो: मनाचा शुभवर्तमानाने, समाजाचा कायद्याने आणि दंडाने. धर्मगुरूने तलवार हाती घेऊ नये आणि राजाने कोणाच्या श्रद्धेत नाक खुपसू नये. मांडणी नेटकी, पण राजाच अन्याय करू लागला तर? १५२५ च्या शेतकरी बंडात ल्यूथरने आधी सरदारांनाही खडसावलं, मग बंडखोरांना चिरडण्याची भाषा केली. हजारो शेतकरी मारले गेले. हा डाग त्याच्या चाहत्यांनाही पुसता आलेला नाही.

चारशे वर्षांनी हिटलरच्या काळात अनेक पाद्री याच ‘दोन राज्यां’च्या आडोशाला गप्प बसले. डीट्रिख बॉनहॉफर हा तरुण ल्यूथरन पाद्री वेगळा निघाला. चाकाखाली सापडलेल्यांच्या जखमा बांधणं पुरेसं नसेल, तर चर्चने चाकालाच खीळ घालावी, असं त्याने १९३३ मध्ये मांडलं. अहिंसक प्रतिकार शिकायला त्याला गांधीजींकडे यायचं होतं. १ नोव्हेंबर १९३४ च्या उत्तरात गांधीजींनी त्याला या म्हटलं आणि व्यवहारही सांगितला: परतीचं भाडं आणि माणशी महिना सुमारे शंभर रुपये खर्च स्वतःचा. बॉनहॉफर आला नाही. त्याऐवजी जर्मनीतच त्याने नाझीविरोधी चर्चसाठी पाद्री घडवले. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी झाली.

सत्ता चुकली तर धर्मगुरूने काय करावं, या प्रश्नाला मराठी मुलखात वसईत तोंड फुटलं. तिथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो कॅथलिक, म्हणजे ल्यूथरने ज्या चर्चशी उभा दावा मांडला त्याचे धर्मगुरू. इतिहासाला असा खट्याळपणा जमतो. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक असलेले दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून बागायती, विहिरी आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरले. १९९० मध्ये वसई-विरारच्या नियोजनाचं काम सिडकोकडे आलं, तेव्हा वादाचा विषय एका अर्थी खांदेश्वरचाच होता: शेतजमिनीचं शहर करताना गावाचं म्हणणं कोण ऐकणार? दिब्रिटोंनी झगा उतरवला नाही आणि आमदारकीचं तिकीटही मागितलं नाही.

जानेवारी २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पाद्री अध्यक्ष कशाला, म्हणून आयोजकांना धमकीचे फोन आले. संमेलन मात्र त्यांच्याच अध्यक्षतेखाली पार पडलं.