राजाची खाडी

पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवाकडे दृष्टि वळविली म्हणजे नॉर्वेच्या उत्तर टोकापलीकडे, भर समुद्रांत, स्वालबार्ड नांवाचा एक द्वीपसमूह आढळतो. त्यांतील सर्वांत मोठें बेट स्पिट्सबर्गेन. या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ७९ उत्तर अक्षांशाजवळ, समुद्राचा एक फांटा सुमारे वीस किलोमीटर जमिनींत शिरला आहे. नॉर्वेजियन भाषेंत त्यास 'कोंग्सफ्योर्ड', म्हणजे 'राजाची खाडी', असें म्हणतात. ध्रुवबिंदु येथून सुमारे बाराशें किलोमीटरांवर आहे. इतक्या उत्तरेस जीवसृष्टि अगदीं विरळ असावी असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत उन्हाळ्याच्या अल्प मुदतींत ही खाडी पक्ष्यांनीं आणि जलचरांनीं गजबजून जाते. ही समृद्धि कोठून येते आणि तिचें भवितव्य काय, हे दोन प्रश्न या खाडीचें वर्णन करतांना टाळतां येत नाहींत.

कोंकणांतील खाडी म्हणजे नदीच्या मुखांत शिरलेला समुद्र. कोंग्सफ्योर्ड ही नदीनें नव्हे, तर हिमनदीनें खोदलेली आहे. प्राचीन हिमयुगांत बर्फाचे प्रचंड ओघ डोंगरांवरून समुद्राकडे सरकले, त्यांनीं खडक खरवडून खोल दरी कोरली, आणि बर्फ मागें हटल्यावर त्या दरींत समुद्र भरला. खाडीची खोली कांहीं ठिकाणीं चारशें मीटरांच्या जवळपास आहे. अशा बहुतेक खाड्यांच्या तोंडाशीं हिमनदीनें लोटून आणलेल्या दगडमातीचा एक उंबरठा पाण्याखालीं असतो. कोंग्सफ्योर्डच्या तोंडाशीं तसा मोठा अडसर नाहीं; तेथून एक खोल घळ थेट बाहेरच्या समुद्राकडे जाते. ही गोष्ट वरवर पाहतां क्षुल्लक वाटते. पण पुढील सारी हकीकत तिच्यावर अवलंबून आहे.

खाडीच्या आंतील टोकास उभें राहून पूर्वेकडे पाहिलें कीं बर्फाच्या विस्तारांतून वर आलेलीं तीन शिखरें दिसतात. त्यांना 'तीन मुकुट' म्हणतात. स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क या तीन देशांवरून त्यांचीं नांवें स्वेआ, नोरा आणि दाना अशीं ठेवलीं आहेत. त्यांच्या बाजूनें क्रोनेब्रेन ही हिमनदी खाडींत उतरते. तिची गति दिवसाला सुमारे दोन मीटर, म्हणजे हिमनद्यांच्या मानानें फारच वेगवान. तिचें तोंड समुद्रांत बुडालेलें असल्यामुळें बर्फाचे कडे मधूनमधून गडगडाट करीत पाण्यांत कोसळतात. दाबाखालीं शतकानुशतकें घट्ट झालेला हा बर्फ निळसर दिसतो, कारण तो प्रकाशांतील तांबडा अंश शोषून घेतो. पाण्यांत तरंगणारे त्याचे तुकडे वितळतांना बारीक चुरचुर आवाज करतात; त्यांत कोंडलेली प्राचीन काळची हवा त्या वेळीं मोकळी होत असते. हिमनदीपुढचें पाणी मात्र निळें नसून विटकरी रंगाचें असतें. तिनें दळलेल्या तांबड्या वालुकाश्माची भुकटी त्यांत मिसळलेली असते.

येथील ऋतुमान आपल्याकडील माणसास चमत्कारिक वाटेल. एप्रिलच्या मध्यानंतर सूर्य मावळण्याचें सोडतो, तो ऑगस्टच्या अखेरीपर्यंत क्षितिजावर फिरत राहतो. ऑक्टोबरच्या अखेरीस तो एकदां बुडाला कीं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिसत नाहीं. जुलैसारख्या ऐन उन्हाळ्यांतही सरासरी तपमान पांच-सहा अंशांच्या आसपासच राहतें. तरी हिंवाळा अक्षांशाच्या मानानें सौम्य असतो. अटलांटिक महासागरांतील उबदार पाण्याचा एक प्रवाह स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम किनाऱ्यालगत उत्तरेकडे वाहतो, त्याचा हा परिणाम होय. वर सांगितलेल्या खोल घळीनें हेंच पाणी खाडींतही शिरतें. एका बाजूनें हें उबदार, खारें पाणी आणि दुसऱ्या बाजूनें हिमनद्यांचें थंड, गोडें पाणी. या दोहोंच्या भेटींतून खाडीचें जीवन घडतें.

ही भेट कशी होते तें समजून घेण्यासारखें आहे. उन्हाळ्यांत हिमनदीच्या पृष्ठभागावर वितळलेलें पाणी भेगांतून तळाशीं जातें आणि तिच्या पायथ्याशीं, समुद्रसपाटीच्या बरेंच खालीं, बाहेर पडतें. गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें. म्हणून तें बाहेर पडतांच वेगानें वर उसळतें आणि येतांना खोल समुद्राचें पाणीही ओढून आणतें. त्या पाण्याबरोबर कोळंबीच्या जातीचे सूक्ष्म जीव लाखोंनीं वर येतात. एकाएकीं कमी खारट पाणी लाभल्यानें ते बधिर होतात किंवा मरतात, आणि पृष्ठभागावर आयतें भोजन तयार होतें. हिमनदीच्या तोंडाशीं एखाद्या तपकिरी डागावर शेंकडों पांढरीं पांखरें घिरट्या घालीत असलेलीं दिसतात, तीं या अन्नासाठींच. त्यांत किटिवेक नांवाचे कुरव मुख्य असतात, आणि त्यांच्या जोडीस फुल्मार पक्षी.

खाडीच्या मध्यभागीं लोवेन नांवाचीं लहान बेटें आहेत. तेथें आयडर बदकें, हंस आणि सुरय घरटीं करतात. बेटांची निवड सहेतुक आहे. ध्रुवीय कोल्हा हा अंड्यांचा मोठा शत्रु. भोंवतालचा समुद्र गोठलेला असेपर्यंत तो बर्फावरून चालत बेटावर येऊं शकतो. म्हणून आयडर पक्षीण बर्फ फुटून पाणी मोकळें होण्याची वाट पाहते, आणि मग स्वतःच्या छातीचीं मऊ पिसें उपटून घरट्यास अस्तर लावते. बार्नकल जातीचे हंस हिंवाळा स्कॉटलंड व इंग्लंड यांच्या सीमेवरील सॉल्वे खाडींत घालवून येथें येतात. सुरय तर उत्तरेचा हिंवाळा दक्षिण ध्रुवाच्या समुद्रांत काढून परततो. घरट्याजवळ कोणी गेलें तर हा चिमुकला पक्षी माणसाच्याही डोक्यावर चोंच मारण्यास कचरत नाहीं.

जमिनीवर झाडाचें नांव नाहीं. ध्रुवीय विलो हें खरें म्हणजे वृक्षकुळांतील, पण त्याची उंची बोटभरही नसते. तें भुईसरपट पसरतें. बर्फ ओसरतांच सॅक्सिफ्रेजचीं जांभळीं फुलें प्रथम उमलतात. पक्ष्यांच्या वसाहती असलेल्या कड्यांखालीं मात्र विष्ठेच्या खतामुळें वनस्पति एकदम दाट होतात. म्हणजे समुद्राचें अन्न पांखरांच्या पंखांवरून डोंगरांत पोहोंचतें. या हिरवळीवर आंखूड पायांचे रेनडिअर चरतात. शिकारीमुळें ते या भागांतून नाहींसे झाले होते; १९७८ सालीं कांहीं जनावरें आणून सोडण्यांत आलीं, त्यांचा वंश आज येथें नांदत आहे.

मनुष्यानें येथें प्रथम लाभाच्या आशेनें पाऊल टाकलें. १९११ सालापासून अर्नेस्ट मॅन्सफील्ड या इंग्रज गृहस्थानें ब्लोमस्ट्रांड येथें संगमरवर काढण्याचा खटाटोप केला. पण हिमानें तडकलेला तो दगड वितळतांच भुगा होई. त्याचीं गंजलेलीं यंत्रें अद्याप किनाऱ्यावर आहेत. दक्षिण तीरावरील नी-ऑलेसुंद गांव कोळशाच्या खाणीसाठीं वसलें. १९२६ सालीं अमुंडसेन व नोबिले यांचें 'नोर्गे' विमानपोत ध्रुवाकडे निघालें तें येथूनच, आणि त्याचा मनोरा आजही उभा आहे. ५ नोव्हेंबर १९६२ रोजीं खाणींत स्फोट होऊन २१ कामगार मृत्युमुखीं पडले, आणि पुढील वर्षीं खाण बंद झाली. आतां तें गांव संशोधकांचें आहे. तेथील सूक्ष्म मापनयंत्रांत व्यत्यय येऊं नये म्हणून गांवांत बिनतारी उपकरणें वापरण्यावर कडक निर्बंध आहेत. वस्तीबाहेर जाणाऱ्यास अस्वलाच्या भयानें बंदूक बाळगावी लागते.

या संशोधकांच्या नोंदींतून जें दिसून आलें तें चिंता वाटावी असें आहे. पूर्वीं खाडीचा आंतील भाग हिंवाळ्यांत नेमानें गोठत असे. २००६ च्या हिंवाळ्यांत अटलांटिकचें उबदार पाणी मोठ्या प्रमाणांत आंत आलें, आणि त्यानंतर बर्फाचें आवरण बहुधा तोकडें व पातळच राहिलें. वलयांकित सील मादी गोठलेल्या समुद्रावरील हिमाच्या ढिगांत बीळ करून पिलूं घालते. हिमच नसलें तर पिलूं उघड्यावर पडून अस्वलाच्या तोंडीं जातें. इकडे अस्वलासही सीलच्या शिकारीसाठीं बर्फ लागतो. तो न मिळाल्यानें तें उन्हाळ्यांत किनाऱ्यावर येऊन हंसांचीं व बदकांचीं अंडीं फस्त करूं लागलें आहे. पाण्यांत चरबीयुक्त ध्रुवीय सूक्ष्म जीवांच्या जोडीस अटलांटिकचे लहान, कमी चरबीचे जीव वाढले, आणि दक्षिणेकडील मासेही येऊं लागले. हिमनद्या मागें सरत आहेत. ब्लोमस्ट्रांड हें द्वीपकल्प समजलें जात असे. १९९० च्या सुमारास बर्फ हटला, तेव्हां तें बेट असल्याचें उघड झालें.

याचा अर्थ खाडी निर्जीव होईल असा नाहीं. दक्षिणेकडील जीव रिकामी जागा भरून काढतील. परंतु हिमनदीचें तोंड समुद्र सोडून जमिनीवर गेलें, तर तळाशीं उसळणारा प्रवाह थांबेल. वितळलेलें पाणी साध्या ओढ्याप्रमाणें वरच्यावर वाहून जाईल, आणि पांखरांचें वाढलेलें पान उचललें जाईल. बर्फ वितळत असतांनाच तें पान भरतें, आणि बर्फ फार वितळला तर तें कायमचें रितें होतें, हा या खाडीचा पेंच आहे.

या प्रश्नाशीं भारताचाही संबंध आहे. नी-ऑलेसुंद येथें १ जुलै २००८ रोजीं 'हिमाद्रि' हें भारताचें संशोधनकेंद्र सुरू झालें. त्याची व्यवस्था गोव्यांतील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. २०१४ च्या जुलैंत या केंद्रानें खाडींत पाण्याखालीं यंत्रांची एक सांखळी नांगरून ठेवली. पाण्याचें तपमान, क्षारता व प्रवाह यांची तींत वर्षभर नोंद होते. २०२३ च्या डिसेंबरपासून भारतीय शास्त्रज्ञ ध्रुवरात्रींतही तेथें राहूं लागले. ध्रुवप्रदेशांतील बर्फ आणि आपला मोसमी पाऊस यांचें नातें काय, याचा शोध घेणें हा त्यांच्या कार्याचा एक हेतु आहे. मांडवी व झुआरी या खाड्यांच्या प्रदेशांतील लोक ध्रुवाजवळच्या खाडीची नाडी पाहत आहेत. तिच्यांतील उबदार पाणी यंदां किती आंत आलें, याचें उत्तर त्या नोंदींत वर्षामागून वर्ष उमटत आहे.