कातकाम : घरगुती लेथची मांडणी

'कातणे' हे क्रियापद सूत व लाकूड या दोहोंसही लागते. दोहोंत भ्रमण हाच मुख्य व्यापार होय. दोरी ओढून चालविण्याच्या लेथवर लाकूड उलटसुलट फिरते. म्हणून धार एकाच दिशेच्या फेऱ्यांत कापते. विजेच्या मोटरीने भ्रमण अखंड होते, परंतु धोकाही वाढतो. मिनिटास १००० फेऱ्या धरल्यास १० सेंटिमीटर व्यासाच्या लाकडाच्या कडेचा वेग मिनिटास सुमारे ३१४ मीटर, तर ३० सेंटिमीटरच्या कडेचा ९४२ मीटर होतो. असमतोल ओंडका अशा वेगात उसळून कारागिराच्या अंगावर येतो. यास्तव मोटरीपूर्वी बैठक जड करावी, दोन्ही टोकांचे आधार एका रेषेत आणावेत आणि पायऱ्यांची कप्पी बसवून मोठे लाकूड मंद गतीनेच फिरवावे.