शिडाचा दोर कुणाच्या हातात?

जून १९६८ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण खलाशी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा त्याची होडी मुंबईत बांधलेली होती. सागवानी, बत्तीस फुटी, दोन डोलकाठ्यांची. नाव ‘सुहैली’. वाऱ्याचा रोख धरून सुकाणू आपोआप वळवणारं एक यंत्र त्याने तिच्यावर बसवलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या आसपास ते कायमचं मोडलं. अजून अख्खा पॅसिफिक समोर होता आणि माणसाला झोप तर चुकत नाही. मग त्याने सुकाणूचं काम शिडांवरच सोपवलं. पुढचं शीड किती ताणायचं, मागचं किती सैल सोडायचं, याचा असा मेळ घातला की होडी आपली आपण वाट धरून चालायची. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तो फाल्मथला परतला. कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस.

जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या शार्ली दालँने ‘व्हँदे ग्लोब’ शर्यतीत अशीच एकट्याची, विनाथांबा फेरी ६४ दिवसांत संपवली. या फरकाचं श्रेय हलक्या कार्बनच्या सांगाड्याला, होडीला पाण्याबाहेर उचलणाऱ्या पंखांना आणि हवामानाच्या अंदाजांना दिलं जातं, ते योग्यच आहे. पण शिडाला बांधलेल्या दोरांकडे फारसं कुणी पाहत नाही, आणि शर्यतीच्या होडीतली खरी ओढाताण तिथेच चालते.

मोताळ्याच्या वाचकाला हे समजायला समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाही, मोट आठवली तरी पुरे. जाड नाडा सगळा भार ओढतो आणि सोंडेला बांधलेला बारीक दोर पाणी कधी, कुठे सोडायचं ते ठरवतो. शिडालाही असे दोन जातींचे दोर असतात. मेनशीट हा भाराचा दोर. त्याने शीड आत ओढलं जातं किंवा बाहेर सोडलं जातं. बाकीचे आकाराचे. व्हँग शिडाखालच्या आडव्या दांडीला वर उठू देत नाही, आउटहॉल शिडाची खालची कड ताणतो, कनिंगहॅम पुढची. हा शेवटचा दोर ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थाच्या नावाने ओळखला जातो. मोटारशर्यतीतलं हे बडं प्रस्थ १९५८ च्या अमेरिकाज कपमध्ये ‘कोलंबिया’ या विजेत्या होडीचं कप्तान होतं.

एवढे दोर कशाला? पाण्यालगत वारा मंद असतो आणि वर जाऊ तसा वाढतो. होडीच्या स्वतःच्या वेगामुळे डोलकाठीच्या टोकाला तो वेगळ्याच कोनातून लागतो. म्हणून शीड वरच्या बाजूला थोडं पिळलेलं लागतं. पीळ कमी पडला तर वरचा भाग होडीला नुसता आडवा ढकलतो, जास्त झाला तर तो फडफडत राहतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. मंद वाऱ्यात पोट काढून उभं राहिलेलं शीड सोसाट्यात सपाट करावंच लागतं, तेही झुळूक येऊन निघून जाण्याच्या आत.

इथे रचनाकाराची खरी परीक्षा लागते. ‘इल्का’ ही ऑलिम्पिकमधली एकट्याची छोटी होडी पूर्वी ‘लेझर’ म्हणून ओळखली जाई. तिच्या व्हँगला सुरुवातीच्या काळात साधी कप्पी होती; तो ओढताना भलेभले मेटाकुटीला येत. पुढे नियम बदलले आणि पंधरापट जोर देणाऱ्या कप्प्यांना परवानगी मिळाली. जोर पंधरापट म्हणजे दोरही पंधरापट: शीड एक वीत हलवायचं तर पंधरा वीत दोर हातातून सरकवायचा. ताकद वाचली, वेळ गेला. कप्पी लावा, चरखी लावा की तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवा, हा हिशेब कुणालाच चुकवता आलेला नाही.

अमेरिकाज कपमध्ये हाच हिशेब पराकोटीला गेला. पंखांवर उचललेली होडी वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने धावते, त्यामुळे तिला वारा जवळजवळ सतत समोरूनच लागतो. शीड क्षणाक्षणाला किंचित आत, किंचित बाहेर करत राहावं लागतं आणि दाबाखालच्या तेलाची भूक काही भागत नाही. २०१७ मध्ये बर्म्युडात न्यूझीलंडच्या संघाने खलाशांना चक्क सायकलच्या पायडलवर बसवलं. हातांपेक्षा पाय दमदार, शिवाय हात मोकळे. ग्लेन अॅश्बी हातातल्या छोट्याशा नियंत्रकावरून पंखासारखं ताठ शीड सांभाळत होता. न्यूझीलंडने अंतिम फेरी ७–१ अशी जिंकली. पुढच्या खेपेला पायडलवर बंदी आली, २०२४ मध्ये बार्सिलोनात ते परतले: आठ जणांत चौघे फक्त पाय मारणारे. कोट्यवधींच्या होडीत निम्मे खलाशी मान खाली घालून सायकल हाणत होते, याचं मला आजही हसू येतं.

पण त्यामागे नियम आहे. शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला बावन्नावा नियम म्हणतो की दोर, काठ्या आणि हलणारे भाग खलाशांच्या अंगबळावरच चालले पाहिजेत. एखाद्या वर्गाला सूट हवी तर ती वेगळी लिहून घ्यावी लागते. दालँच्या वर्गातही संगणक सुकाणू धरतो, शिडाला हात लावत नाही.

पुढे काय होईल? माझा अंदाज असा की दोरावरचा ताण मोजणारे संवेदक छोट्या होड्यांपर्यंत उतरतील आणि यंत्र शीड कसं लावावं ते सुचवू लागेल. ओढायचं काम मात्र माणसाकडेच राहील. कारण तंत्रज्ञान अपुरं पडतं असं नाही. सगळंच यंत्राने केलं, तर शर्यत खलाशांची न राहता अभियंत्यांची होईल, आणि ती पाहायला कोण येणार?

त्याहून महत्त्वाची दिशा मला गोव्यात दिसते. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये त्याच होडीतून ती कुठेही न थांबता केली. ‘सुहैली’ची प्रतिकृती ‘थुरिया’ही इथलीच. तिची डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात मोडली आणि जायबंदी टॉमींना फ्रेंच जहाजाने वाचवलं. ‘म्हादेई’ची बहीण ‘तारिणी’ छप्पन्न फुटी, डोलकाठी सुमारे पंचवीस मीटर. २०१७–१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा नौदल अधिकारी महिलांनी तिच्यावरून पृथ्वी पालथी घातली. २०२४–२५ मध्ये तीच होडी, तीच फेरी दोघींनीच पुरी केली: दिलना के. आणि रूपा ए. एक झोपलेली असताना वारा उसळला तर दुसरीला एवढं शीड एकटीने आवरावं लागतं. अशा वेळी कोणता दोर हाताशी आहे आणि कोणत्या दोरासाठी अंधारात, भिजलेल्या फळीवरून डोलकाठीपर्यंत सरपटत जावं लागतं, यावर जीव अवलंबून असतो. ताशी शंभर किलोमीटर वेगाच्या होड्यांपेक्षा कमी हातांत चालणारी ही रचना मला जास्त शहाणी वाटते.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी या खेळाकडे पाठ फिरवू नये. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तिने इल्का–४ प्रकारात रौप्यपदक मिळवलं. त्या होडीचं शीड अवघं ४.७ चौरस मीटर. खडकवासल्याच्या धरणाच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडं हाकतात. आपल्या मोताळा तालुक्यात नळगंगेचा जलाशय आहे आणि वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाचा ४२६ किलोमीटरचा कालवा पुरा झाला, तर त्याचं पाणी इथेच येऊन पोहोचणार आहे. जिल्ह्याच्या क्रीडा विभागाने नुसती चौकशी म्हणून तरी एक माणूस भोपाळला पाठवावा. भुसावळला गाडी बदलली की झालं.