इन्स्टाग्राम बायोच्या १५० अक्षरांत नेमकं काय लिहायचं?

इन्स्टाग्राम बायोसाठी फक्त १५० अक्षरं देतं. त्यात स्पेस आणि इमोजीही आले. मराठीत तर काना-मात्राही वेगळी मोजली जाते. त्यामुळे 'स्वप्नांमागे धावणारी' अशा ओळीवर जागा घालवणं परवडत नाही.

समजा, ठाण्यातून दिवाळीचा फराळ विकायचा आहे. मग 'घरगुती चकली, करंजी, अनारसे. ठाणे-कळव्यात घरपोच. ऑर्डरसाठी मेसेज करा' एवढं पुरे. काय, कुठे, कसं, तिन्ही कळतं.

'फराळ' हा शब्द नावाच्या रकान्यातही टाका, कारण सर्चमध्ये नाव आणि युजरनेम आधी पाहिलं जातं. नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं, म्हणून लिहिलेलं नीट तपासा.

जन्मतारीख आणि घरचा पत्ता मात्र नकोच. अकाउंट प्रायव्हेट असलं तरी बायो सगळ्यांना दिसतो.