दीड इंची पाइप आणि घरगुती बंपर

वस्तूचे स्वरूप पालटले तरी तिचे जुने नाव टिकून राहते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास नवी नाही. ‘शाई’ या शब्दाच्या मुळाशी काळेपणाचा वाचक असलेला फारसी शब्द आहे. तथापि ‘लाल शाई’ म्हणताना आज कोणासही विसंगती जाणवत नाही. अशा फारकतीने व्यवहारात सहसा काही बिघडत नाही. परंतु जेथे नावावरूनच माप घेतले जाते व त्या मापावर पुढे टनभर वजनाचा भार पडावयाचा असतो, तेथे नावाचा इतिहास ठाऊक नसणे महागात पडते. डोंगरवाटांवर चालवावयाच्या जीपसारख्या मोटारीस पोलादी नळ्यांचा पुढचा बंपर घरी तयार करण्याचा उद्योग हे याचे एक चांगले उदाहरण होय.

हा उद्योग मुळात का करावा लागतो, ते प्रथम पाहू. जुन्या जीपचा बंपर म्हणजे चासीच्या दोन लांब तुळयांच्या पुढील टोकांस आडवा बसविलेला पोलादाचा एक सरळ, रुंद पट्टा असे. सपाट रस्त्यावर तो पुरेसा असतो. पुढच्या चाकाच्या स्पर्शबिंदूपासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत काढलेली रेषा जमिनीशी जो कोन करते, त्याहून उभा चढ समोर आला, की मात्र चाकाआधी बंपरच मातीत रुततो. नळीचा बंपर अरुंद करता येतो, त्याची टोके वर वळविता येतात आणि त्यामुळे चाकास चढावर प्रथम टेकण्याची मुभा मिळते. शिवाय चिखलात अडकलेली गाडी ओढून काढण्यासाठी भरवशाचे दोन कडे त्यास जोडता येतात. एवढ्या कामासाठी सहा मीटर लांबीची एक नळी बहुधा पुरते.

ही नळी आणावयास गेलेला मनुष्य दुकानात ‘दीड इंची पाइप’ मागतो आणि घोटाळ्यास येथूनच आरंभ होतो. इंग्रजीत ‘पाइप’ व ‘ट्यूब’ हे दोन शब्द यंत्रव्यवसायात काटेकोरपणे वेगळे राखलेले आहेत. ट्यूब बाह्य व्यासाने ओळखली जाते. दीड इंची ट्यूब बाहेरून मोजली असता ३८.१ मि.मी. भरते. पाइपचे नाव मात्र त्याच्या पोकळीवरून पडलेले आहे, कारण पाइप म्हणजे पाणी वा वाफ वाहून नेण्याचे साधन, आणि वाहणाऱ्यास आतील जागेशीच कर्तव्य. गंमत अशी, की आज तेही खरे राहिलेले नाही. पूर्वीचे लोखंडी पाइप जाड भिंतीचे असत. पुढे धातू सुधारला, भिंत पातळ करणे शक्य झाले; परंतु आटे व जोड बाहेरच्या मापावर ठरून गेले असल्यामुळे बाह्य व्यास बदलता येईना. तेव्हा पातळ झालेल्या भिंतीची जागा आतील पोकळीने घेतली. परिणामी मध्यम जाडीच्या दीड इंची पाइपचा बाह्य व्यास ४८.३ मि.मी. आणि आतील व्यास ४१.९ मि.मी. असतो. त्याच्या अंगावर दीड इंच कोठेच सापडत नाही! मराठीत ‘नळी’ या एकाच शब्दाने दोन्हींचा निर्देश होतो, आणि बाजारात ‘पाइप’ या शब्दानेही तेच घडते. इंग्रजीतील भेद आपण शब्दासह उचलला नाही.

हा फरक दहा मिलिमीटरांचा, म्हणजे किरकोळ, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु वाकविणाऱ्या भारास तोंड देण्याची नळीची शक्ती व्यासाबरोबर फार झपाट्याने वाढते. दोन्ही नळ्यांची भिंत ३.२ मि.मी. धरली, तर छेदाच्या आकारावरून निघणारा प्रतिकारांक ३८.१ मि.मी.च्या नळीस सुमारे २.८ घन सें.मी. व ४८.३ मि.मी.च्या नळीस सुमारे ४.८ घन सें.मी. येतो. वजन मात्र दर मीटरला २.७५ कि.ग्रॅ. वरून ३.५६ कि.ग्रॅ. इतकेच वाढते. म्हणजे वजनात तीन दशांशांहूनही कमी भर पडून बळ सात दशांशांनी वाढते. भरीव ३८ मि.मी.च्या सळईचा प्रतिकारांक ५.४ भरतो हे खरे. पण तिचे मीटरचे वजन नऊ किलोग्रॅमच्या घरात जाते, आणि तो सर्व बोजा पुढच्या स्प्रिंगांवर पडतो. परदेशी आराखड्यात दीड इंची ट्यूब सांगितली असता येथील दुकानातून दीड इंची पाइप आणणाऱ्याचे नुकसान होत नाही, उलट लाभच होतो. धोका आहे तो उलट दिशेने: आराखडा पाइपचा असून ट्यूब आणली गेली, तर बंपर ठरल्यापेक्षा दुबळा होतो आणि पाहणाऱ्यास ते कळतही नाही.

जाडीचेही तसेच. बाजारातील ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ क्लास म्हणजे भारतीय मानक १२३९ मधील हलका, मध्यम व जड हे तीन वर्ग. त्यांस अनुक्रमे पिवळ्या, निळ्या व तांबड्या पट्ट्यांनी ओळखतात. हे मानक प्रामुख्याने पाण्यासारखे प्रवाही पदार्थ वाहून नेणाऱ्या पाइपांसाठी आहे. बांधकामाच्या नळ्यांसाठी १९६१ नव्हे, तर ११६१ क्रमांकाचे वेगळे मानक आहे (हा क्रमांक सनासारखा दिसत असल्यामुळे ऐकताना चुकतो), व त्यात नळीची प्रत तिच्या सामर्थ्यावरून ठरते. दुकानातून ‘जी.आय.’, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, मात्र मुळीच घेऊ नये. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. पोलाद वितळण्यास सुमारे १५०० अंश लागतात. तेव्हा जोडकाम चालू असता जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो श्वासावाटे गेलेल्या माणसास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

नळी वाकविताना नावाचा प्रश्न पुनश्च उभा राहतो. नळकाम करणाऱ्यांच्या हायड्रॉलिक बेंडरचे साचे पाइपच्या नाममात्र मापाचे असतात: सव्वा इंचीचा साचा ४२.४ मि.मी. बाह्य व्यासासाठी, दीड इंचीचा ४८.३ मि.मी.साठी. ३८.१ मि.मी.ची ट्यूब यांपैकी कोणत्याही साच्यात नीट बसत नाही. ती बाजूंनी फुगते, आतून चुरगळते व चपटी होते. चपट्या झालेल्या जागी वर दिलेला हिशेब लागू राहत नाही. नळीवर लांबीने गेलेली सांध्याची रेषा वाकाच्या कुशीला ठेवावी, कारण तेथे धातू ना ताणला जातो ना दाबला जातो.

दोन नळ्या काटकोनात जोडावयाच्या, तर एकीचे टोक दुसरीच्या गोलाईवर बसेल असे कोरावे लागते. या खाचेस इंग्रजी कारागीर माशाच्या तोंडाची उपमा देतात, आणि ती यथार्थ आहे. तिचा नमुना कागदावर काढता येतो. ४८.३ मि.मी.च्या नळीचा परीघ १५१.७ मि.मी. होतो, तेवढ्या लांबीच्या कागदाचे बारा समान भाग करून क्रमाने ०, ३.२, १२.१, २४.१, १२.१ व ३.२ मि.मी. उंचीचे बिंदू घ्यावेत, हाच क्रम पुन्हा एकदा गिरवावा व बिंदू वक्ररेषेने सांधून कागद नळीभोवती गुंडाळावा. शून्याचे दोन बिंदू आडव्या नळीच्या माथ्यावर येतात, २४.१ चे दोन तिच्या कुशींवर. ही रेषा बाहेरच्या पृष्ठाची असल्याने आतली कड मागाहून कानशीने घासावी लागते. येथे केलेली घाई वेल्डिंगने भरून निघत नाही. रुंद फट धातूने बुजविता येते, पण असा जोड दिसावयास भक्कम व असावयास कच्चा असतो.

वेल्डिंगला मराठी विश्वकोशात ‘वितळजोडकाम’ असा शब्द योजलेला आहे. तो अर्थवाही आहे, परंतु कारखान्यात शिरला नाही. ‘टाका’ मात्र शिरला. पक्का जोड देण्याआधी नळ्या जागच्या जागी धरून ठेवणारे छोटे ठिपके म्हणजे टाके. इंग्रजी ‘टॅक’शी त्याचे उच्चारसाम्य योगायोगाचे असले, तरी शिवणकामातील अर्थ येथे इतका चपखल बसतो की शब्द परका वाटत नाही. टाके मारताना बंपर चासीवर बोल्टांनी आवळलेला असावा. निवताना जोड आकसतो व पट्ट्यांना आत ओढतो. सुटा जोडलेला बंपर पुढे बोल्टांच्या भोकांशी जुळत नाही. बंद होणाऱ्या प्रत्येक नळीस तळाशी एक लहान भोक ठेवावे. ते नसेल तर आतली तापलेली हवा शेवटच्या जोडातून फुंकर मारीत बाहेर पडते आणि तो जोड सच्छिद्र राहतो.

ओढण्याचे कडे हा सर्वांत गंभीर भाग होय. ते नळीवर कधीही जोडू नये. चासीला बोल्टांनी धरलेल्या जाड पट्टीतूनच ते पुढे आलेले असावे, म्हणजे ओढ थेट चासीवर जाते व नळीच्या पातळ भिंतीवर येत नाही. चिखलात रुतलेल्या गाडीस हलविण्यास लागणारी ओढ तिच्या वजनाहूनही अधिक असू शकते. अशा वेळी निसटलेले कडे ताणलेल्या पट्ट्यासह मागे झेपावते व समोर उभ्या माणसाचा प्राण घेऊ शकते.

असला बंपर सार्वजनिक रस्त्यावर मात्र चालत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपात मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा ‘क्रॅश गार्ड’ व ‘बुल बार’ यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांस कळविले. येथेही नावाने दिशाभूल केलेली आहे. ‘गार्ड’ म्हटल्यावर रक्षण कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. ताठर नळी मोटारीच्या पत्र्याचे रक्षण करते; धडकलेल्या पादचाऱ्याचे नव्हे, आणि आत बसलेल्यांचेही नेहमीच नव्हे. आधुनिक गाडीचा पुढील भाग चुरगळून आघात शोषील व हवेच्या पिशव्या योग्य क्षणी उघडतील अशा हिशेबाने रचलेला असतो. पुढे ताठर बंपर बसविला की तो हिशेब बिघडतो. म्हणून हे काम हवेच्या पिशव्या नसलेल्या जुन्या जीपपुरते, खाजगी जमिनीवर व स्पर्धेच्या मैदानातच योग्य ठरते; आणि बंपर चासीस वेल्ड न करता बोल्टांनीच बसविण्याचे हेही एक कारण आहे, की मैदानाबाहेर पडण्यापूर्वी तो उतरवून मूळचा पट्टा पुन्हा जागेवर चढविता यावा.