मीठ बघायला कोण आहे?

रोजा ठेवून स्वयंपाक करताना भूक फारशी छळत नाही. अडतं ते मिठापाशी. रस्सा उकळला, पण चव बघायची कशी? फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र, यावर सांगतं की गरज असेल तर पदार्थ जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकावा. घशाखाली काही गेलं नाही तर रोजा मोडत नाही. गरज नसेल तर चाखणं टाळावं.

आमच्या भागात महिलांसाठी पाककलेचा वर्ग चालतो. सुट्टीच्या दिवशी मी तिथं मदतनीस म्हणून जाते. कांदा चिरायचा, सामान मोजून ठेवायचं, शेवटी ओटा पुसायचा. शिकायला सगळ्या समाजांच्या बायका येतात. रमजानमध्ये आम्हा दोघी-तिघींचे रोजे असतात, तेव्हा मीठ बघायला शेजारच्या शेगडीवरची ताई येते. तळहातावर थेंब घेऊन ती म्हणते, "जरा कमी हाय," आणि आम्ही चिमूटभर वाढवतो. न चाखण्याचं कारण तिला सांगावं लागत नाही. नैवेद्याचं पुरण तीही न चाखताच करते.

रोजेदाराचा रोजा सोडवणाऱ्याला रोजेदाराइतकंच पुण्य मिळतं आणि रोजेदाराचं काही कमी होत नाही, अशी हदीस आहे. मीठ बघणारीचा त्यात वाटा किती, हे अल्लाहलाच ठाऊक. इफ्तारच्या दुआत आम्ही तिची आठवण ठेवतो.

वर्गातली एक मुस्लिम विद्यार्थिनी ईदनंतर डबे सुरू करणार आहे. तिनं परवा विचारलं, "पाटीवर माझं नाव लिहू, की नुसतं 'घरगुती डबे'?" सगळ्या जणी गप्प झाल्या. प्रश्न कशाचा आहे, हे प्रत्येकीला कळलं होतं.

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. राजवाड्याच्या तबेल्यात काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली होती. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज गाडी थांबवून तिथला चहा मागवत, स्वतः पीत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. १९०६ साली इथं मुस्लिम बोर्डिंग सुरू करणारे महाराजही हेच. मुलांनी शिकावं म्हणून त्यांनी राहण्या-जेवणाची सोय केली, आणि माणसानं ताठ उभं राहावं म्हणून त्याच्या हातचा चहा घेतला.

वर्गातली शांतता मीठ बघणाऱ्या ताईनंच मोडली. "नाव लिही की. पहिला डबा माझ्या पोराचा."

ईदला शीरखुर्म्याच्या आमंत्रणाला आपण सगळे आवडीनं येता. वर्षातून एकदाच्या त्या वाटीइतकंच प्रेम रोजच्या डब्यालाही मिळावं, एवढीच या रमजानमधली विनंती. पाटीवर तिचं नाव असेल.