मणका सरकतो तेव्हा

मराठी भाषेने पाठीला फार मोठा मान दिलेला आहे. अडचणीत कुणी आधार दिला तर तो पाठीशी उभा राहिला असे आपण म्हणतो. शाबासकी पाठीवर मिळते. भाऊ पाठचा असतो. बाणेदार माणसाला कणा आहे म्हणतात आणि मिंध्या माणसाला कणाहीन. एवढी भाषा ज्याच्या जोरावर उभी आहे तो कणा आतून कसा असतो, हे मात्र तो दुखू लागेपर्यंत आपण विचारत नाही.

गेली चार वर्षे मी सरकलेल्या मणक्यासह जगतो आहे. येत्या महिन्यात माझ्या पाठीची शस्त्रक्रिया ठरली आहे. मी काही वैद्यकातला जाणकार नव्हे. कविता लिहिणारा, बी. ए. झालेला साधा माणूस आहे. पण या काळात डॉक्टरांना प्रश्न विचारून, थोडे वाचून आणि बरेचसे सोसून जे समजले, ते आपल्याला सांगावेसे वाटते. पाठदुखी नाही असे घर आपल्याकडे सापडणे कठीण. आणि पाठदुखीबद्दल चार जण चार गोष्टी सांगतात.

आपल्या कण्यात एकूण ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली एकमेकांना जुळून गेलेले ५ आणि माकडहाडाचे साधारण ४. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग एखाद्या लहान डब्यासारखा जाड असतो. आपले वजन तो पेलतो. मागच्या बाजूला हाडाची कमान असते. या कमानी एकाखाली एक आल्या की त्यांची नळी तयार होते आणि त्या नळीतून मज्जारज्जू खाली येतो. कमरेच्या वरच्या भागातच तो संपतो. तिथून पुढे पायांकडे, मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांचा झुबका उतरतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला घोड्याचे शेपूट असे नाव दिले आहे, आणि दिसतोही तो तसाच.

दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. तिला आपण गादी म्हणतो. मागे कमानींचे छोटे सांधे असतात. कौलारू छपरावर एक कौल दुसऱ्यात अडकवलेले असते, म्हणून ते घसरत नाही. या सांध्यांचे काम तसेच. ते वरच्या मणक्याला पुढे घसरू देत नाहीत. गादी झिजली, सांधे सैल झाले किंवा कमानीचे हाड तडकले, की वरचा मणका खालच्यावरून पुढे सरकतो. यालाच डॉक्टर ‘स्पॉन्डिलोलिस्थेसिस’ म्हणतात. शब्द ग्रीक आहे. पहिल्या अर्ध्याचा अर्थ मणका, दुसऱ्याचा घसरणे. १८५४ साली किलियान नावाच्या जर्मन डॉक्टराने तो रूढ केला. गंमत अशी की हा आजार प्रथम ध्यानात आला तो हाडांच्या नव्हे, तर बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांच्या. १७८२ साली बेल्जियममधल्या हर्बिनियो या डॉक्टराने बाळाच्या वाटेत पुढे आलेल्या हाडाचा अडथळा नोंदवला होता. खालचा मणका पार पुढे घसरला की असे होऊ शकते.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. स्लिप डिस्क वेगळी आणि मणका सरकणे वेगळे. स्लिप डिस्कमध्ये गादीतला मऊ भाग बाहेर येऊन नस दाबतो. मणका सरकतो तेव्हा हाडच जागा सोडते. ‘मणक्यात गॅप आहे’ असे आपण सर्रास म्हणतो, त्यात तर कुठलाही आजार बसतो. म्हणून डॉक्टरांना विचारून नेमके नाव कागदावर लिहून घ्यावे. उपचार नावावर ठरतो, गॅपवर नव्हे.

मणका सरकण्याचे मुख्य प्रकार दोन. एक तरुणपणातला. कमानीचा एक अरुंद भाग पुन्हा पुन्हा ताण पडून तडकतो. पाठ मागे वाकवून पिळण्याचा खेळ खेळणाऱ्यांत, म्हणजे जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलामुलींत आणि क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजांत, हे जास्त दिसते. शंभरातल्या पाच-सहा जणांच्या कमानीत अशी तड असते, आणि त्यातल्या कित्येकांना ती जन्मभर कळतही नाही. दुसरा प्रकार झिजेचा. तो पन्नाशीच्या पुढे, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि बहुतेक वेळा कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये होतो. माझा हा दुसरा प्रकार. किती सरकला हे मोजायची एक पद्धत १९३२ साली मेयरडिंग या अमेरिकन डॉक्टराने घालून दिली, ती आजही चालते. पाव भागापर्यंत सरकला तर पहिली पायरी, अर्ध्यापर्यंत दुसरी, याप्रमाणे. मात्र पायरी आणि वेदना यांचे गणित जुळेलच असे नाही. पहिल्या पायरीचा माणूस कळवळतो आणि दुसऱ्या पायरीचा शेतात काम करतो, असेही असते.

माझे दुखणे मोठे विचित्र वाटायचे. उभे राहिले की कमरेतून पोटऱ्यांपर्यंत ओढ लागते. दोनशे पावले चाललो की पाय शिशाचे होतात, मुंग्या येतात. कुठे तरी कट्ट्यावर पाच मिनिटे बसलो की सारे ओसरते. मग पुन्हा दोनशे पावले. सायकल हातात धरून, हँडलवर झुकून चाललो तर मात्र बरेच अंतर जातो. चढावर त्रास कमी, उतारावर जास्त. याचे कारण डॉक्टरांनी समजावले. आपण ताठ उभे राहतो तेव्हा नसांची नळी आधीच अरुंद असलेल्या जागी आणखी आवळते. पुढे झुकलो की ती थोडी उघडते. रक्तवाहिनी अरुंद झाल्यामुळे पाय दुखत असतील, तर नुसते थांबल्याने बरे वाटते. नस दाबलेली असेल, तर बसावे किंवा वाकावे लागते. एवढ्या एका फरकावरून जाणता डॉक्टर अर्धे निदान करतो.

हे नमाज पढताना मला रोज कळते. उभे राहण्याचा भाग जड जातो, रुकूमध्ये वाकलो की पायांना आराम पडतो, आणि सजद्यातून उठताना कळ येते. आमच्या मशिदीत आता शेवटच्या रांगेत खुर्च्या असतात. मी तिथे बसतो. उभे राहता येत नसेल त्याने बसून पढावे, बसता येत नसेल त्याने आडवे होऊन, अशी मुभा धर्मातच आहे. तरी खुर्चीवर पहिल्यांदा बसलो त्या शुक्रवारी मान वर करवत नव्हती. दुखण्याचा हा भाग एमआरआयमध्ये दिसत नाही. कविसंमेलनात सूत्रसंचालक म्हणतो, “साहेब, बसूनच वाचा,” आणि तो ते प्रेमाने म्हणतो. पण उभ्याने म्हणायची कविता बसून म्हणताना आवाज छातीतून निघत नाही.

शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नव्हे. बहुतेकांना तिची गरजही पडत नाही. पोटाचे आणि पाठीचे खोल स्नायू बळकट करणारे व्यायाम, वजनावर ताबा, दुखणे भडकेल तेव्हा गोळ्या, काही वेळा नसांजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन. त्याचा आराम बहुधा तात्पुरता असतो. रोजच्या सवयीही महत्त्वाच्या. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. उठताना आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या रेट्याने बसायचे. घागर, पोते कमरेतून वाकून नाही, तर गुडघे वाकवून उचलायचे. एसटीत मागच्या सीटवर बसायचे नाही. आठ-आठ दिवस अंथरुणात पडून राहण्याने स्नायू ढिले पडतात, म्हणून झेपेल तेवढे चालत राहायचे. कमरपट्टा गरजेपुरता. आणि पाठ ‘बसवून’ देणाऱ्याकडे सरकलेला मणका घेऊन जाऊ नये. हाड बाहेरून दाबून परत जागेवर जात नाही, नस मात्र दुखावू शकते.

एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतला आणि बसण्याचा भाग बधिर झाला, पाऊल लोंबू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठा. तिथे उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असे नाही.

माझ्या डाव्या पायाचा अंगठा गेल्या पावसाळ्यापासून वर उचलला जात नाही. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. व्यायाम, इंजेक्शन सारे झाले होते. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता नस मोकळी करायला हवी.” पाठीत वाकवून आणि मागे झुकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये माझा मणका जागचा हलतानाही दिसला. म्हणून नस मोकळी करून दोन्ही मणके जोडावेत, असा त्यांचा सल्ला पडला. याला ‘स्पायनल फ्यूजन’ म्हणतात.

त्यात काय करतात? पालथे झोपवून, पूर्ण भूल देऊन, कमानीचा दाबणारा भाग काढतात आणि नस सुटी करतात. मग वरच्या मणक्यात दोन आणि खालच्या मणक्यात दोन, असे चार स्क्रू बसवून ते दोन सळ्यांनी जोडतात. पुष्कळदा झिजलेली गादी काढून तिच्या जागी लहान पिंजरा ठेवतात आणि त्यात, आजूबाजूला, काढलेल्याच हाडाचा चुरा भरतात. लोक म्हणतात, पाठीत लोखंड घातले. ते लोखंड नसते, बहुधा टायटॅनियम असते. आणि खरे काम ते करतही नाही. सुतार दोन फळ्यांना सरस लावून शिकंजात आवळतो, तसे हे स्क्रू. सरस म्हणजे आपले स्वतःचे हाड. ते चुऱ्यातून वाढून दोन मणक्यांचा एक करते, आणि त्याला सहा महिने ते वर्षभर लागते. न्यूयॉर्कच्या हिब्स आणि आल्बी या दोन डॉक्टरांनी १९११ साली मणके जोडण्याच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या, तेव्हा स्क्रू नव्हतेच. नुसत्या हाडाच्या भरवशावर ते पाठीच्या क्षयाच्या रोग्यांचे कणे जोडत होते.

म्हणूनच तंबाखूचा प्रश्न येतो. निकोटिन हाड जुळू देत नाही. बिडी, तंबाखू, मिश्री, सारे आलेच. मधुमेह ताब्यात हवा, आणि हाडे पोकळ झाली असतील तर स्क्रूची पकड सैल पडते, म्हणून तेही आधी तपासायचे.

धोके डॉक्टरांनी लपवले नाहीत. जखमेत जंतू होणे, नसांच्या आवरणाला चीर, नस दुखावणे, पायात रक्ताची गाठ, हाड न जुळणे. शिवाय जोडलेले मणके वाकायचे थांबतात, त्यांचा ताण शेजारच्या मणक्यावर पडतो आणि काही वर्षांनी तो कुरकुरू शकतो. पायांचे दुखणे जितके हमखास कमी होते, तितके कमरेचे होत नाही, हेही त्यांनी सांगितले.

जोडणे प्रत्येकाला लागते का? यावर जगभर वाद आहे. २०१६ साली स्वीडनमधल्या २४७ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले, की नुसती नस मोकळी केलेल्यांना आणि मणकेही जोडलेल्यांना दोन वर्षांनी सारखाच आराम होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या लहान अभ्यासात जोडण्याचा थोडा फायदा दिसला. २०२१ साली नॉर्वेत, झिजेने मणका सरकलेल्या २६७ जणांत, चांगला आराम पडलेल्यांचे प्रमाण मोकळे करण्याने सुमारे ७१ टक्के आणि जोडण्याने ७३ टक्के निघाले. म्हणजे जवळजवळ सारखेच. तेव्हा ‘मला नुसते मोकळे करून भागेल का? नसेल तर का?’ हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मी तो दोन डॉक्टरांना विचारला. दोघांनीही हलणाऱ्या मणक्याचा एक्स-रे पुढे ठेवून एकच उत्तर दिले, तेव्हा मन स्थिर झाले. तुमचे उत्तर वेगळे असू शकते.

आणखी विचारण्यासारखे: किती दिवस रुग्णालयात, किती आठवडे वाकणे-पिळणे-उचलणे बंद, कामावर केव्हा, आणि न केल्यास काय होईल? खर्चाचेही आधीच विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपला आजार योजनेत बसतो का, ते त्याच्याकडून समजून घ्यावे.

माझी खरी अडचण कागदावर नाही. घरात ऐंशी ओलांडलेली अम्मा आहे. तिला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचे काम माझे. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने तरी ते मला जमणार नाही. न केली, तर पाय असाच लुळा पडत जाईल आणि मग ते कधीच जमणार नाही. हा हिशेब मांडला आणि मी होकार दिला. आपा आठ दिवस आधी येणार आहे. तिला अम्माला उचलायची रीत मी शिकवतो आहे: गुडघे वाकवायचे, तिला छातीशी धरायचे, पाठ सरळ ठेवायची. अम्मा मात्र मलाच बजावते, “तू आधी तुझी पाठ बघ रे.”

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालवतील असे डॉक्टर म्हणतात. पहिल्या दिवशी वॉर्डच्या दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत. दोनशे पावलांच्या पुढचे दोनशेएकावे पाऊल न बसता टाकता आले, तरी मला पुष्कळ झाले.